रूट केलेल्या टॅबलेटची वॉरंटीतली दुरुस्ती नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मुख्य अधिकारी, ग्राहक सेवा विभाग

विषय : चार्जिंग पोर्टची दुरुस्ती वॉरंटीत विनामूल्य करून मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

मी डिचोलीला भजनाचा वर्ग चालवतो. गेल्या चतुर्थीच्या आधी आपल्या कंपनीचा टॅबलेट १४,५०० रुपयांना घेतला तो वर्गासाठीच. त्यात तंबोरा-तबल्याचे ॲप आहे, अभंगांची वही आहे आणि माझ्या गुरुजींच्या आवाजातली जुनी रेकॉर्डिंग आहेत. वर्षाची वॉरंटी अजून संपलेली नाही. तरीही पणजीतल्या आपल्या अधिकृत सेवाकेंद्राने गेल्या आठवड्यात टॅबलेट न उघडताच परत केला. जॉबशीटवर एवढेच लिहिले आहे : 'डिव्हाइस रूटेड, वॉरंटी रद्द'. मेन बोर्ड बदलायचा तर ५,८०० रुपये पडतील, असे तोंडी सांगितले.

टॅबलेट रूट केलेला आहे, म्हणजे कंपनीने ग्राहकाला बंद ठेवलेला सिस्टीमचा पूर्ण ताबा मी घेतला आहे. काउंटरवर ते मीच आधी सांगितले. भाचा म्हणत होता, "मामा, मूळ सॉफ्टवेअर परत घालूया, बूटलोडर (टॅबलेट सुरू करणारा प्रोग्राम) लॉक करूया आणि मग न्या." मला ते पटले नाही. दुरुस्ती मागायला जाताना लपवाछपवी कशाला?

आता बिघाडाचे सांगतो. शिगम्याच्या (होळीच्या) दिवसांतच चार्जिंगचा पोर्ट सैल झाला होता. केबल लावली की हलायची आणि चार्जिंग तुटायचे. केबलखाली आगपेटी सरकवून ती जरा वर उचलली की चालू व्हायचे. त्याच वेळी मी कदंबच्या बसने पणजी गाठून टॅबलेट आपल्याच केंद्रात दाखवला. 'पोर्ट साफ केला' असा शेरा मारून त्यांनी तो तासाभरात परत दिला. ती जॉबशीट मी जपून ठेवली आहे. रूट केला तो त्यानंतर, मेच्या सुट्टीत. आजही बिघाड तोच आहे : केबल वर धरली तर चार्ज होते, सोडली तर थांबते. सॉफ्टवेअरमुळे चार्जिंग बंद पडले असते, तर केबल कशीही धरून ते सुरू झाले नसते. पोर्टचे टाके किंवा पिना सुटल्या आहेत, हे उघडून पाहणाऱ्याला दोन मिनिटांत कळेल.

मुळात रूट का केला, तेही आपण ऐकून घ्यावे. ३२ जीबीपैकी माझ्या वाट्याला जेमतेम १८ जीबी आली. बाकी जागा सिस्टीमने आणि आपण आधीच घालून दिलेल्या ॲप्सनी व्यापली होती. त्यातली काही काढताच येत नव्हती. कार्तिकी एकादशीला देवळात ज्ञानोबांचा अभंग रंगात आला असताना तंबोऱ्याचा सूर तुटला आणि कसल्याशा सेलची जाहिरात जोरात वाजली. समोर सत्तर-ऐंशी माणसे बसली होती. गाणाऱ्या मुलीचा सा गेला, ती तिथेच थांबली. ते ॲप आपले स्वतःचे होते आणि सेटिंगमध्ये ते बंद करायचे बटणच नव्हते. भाच्याने आधी रूट न करता, कॉम्प्युटरला जोडून एडीबी या कॉम्प्युटरवरून हुकूम देण्याच्या साधनाने ते काढून पाहिले. पुढच्या अपडेटला ते परत आले.

म्हणून रूट. आपणच डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ठेवलेले ओईएम अनलॉकिंगचे बटण दाबून बूटलोडर उघडला आणि मॅजिस्क या रूट करण्याच्या ॲपने बदललेली बूट इमेज (सिस्टीम सुरू करणारी फाइल) फास्टबूट या कॉम्प्युटरवरच्या साधनाने घातली. बूटलोडर उघडताना टॅबलेटवरचे सगळे पुसले जाते, हे ठाऊक असल्यामुळे रेकॉर्डिंग आधीच पेन ड्राइव्हवर काढली होती. आता ती जाहिरात नाही, जागा मोकळी झाली आणि तंबोरा तासन् तास अखंड चालतो.

याची किंमतही मी मोजतो आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. टॅबलेट सुरू करताना दरवेळी बूटलोडर उघडा असल्याची सूचना येते. बँकेचे ॲप चालायचे बंद झाले, ते व्यवहार मी फोनवर करतो. आपले अपडेट सरळ बसत नाही. चुकीची इमेज गेली असती तर टॅबलेटची वीट झाली असती, म्हणजे तो सुरूच झाला नसता. रूटची परवानगी मिळालेले ॲप दुसऱ्या ॲप्सची खासगी माहितीही वाचू शकते, म्हणून ती मी फक्त दोनच ॲप्सना दिली आहे. उद्या सिस्टीम कोलमडली किंवा प्रोसेसर जादा वेगाने चालवून मी तो जाळला, तर आपल्या दारात येणार नाही. ती जोखीम माझी. पण रूट करण्याआधीच सैल झालेला पोर्ट त्या जोखमीत मोडत नाही.

टॅबलेट उघडून तपासावा आणि पोर्ट विनामूल्य बदलून द्यावा, एवढीच माझी मागणी आहे. नकारच द्यायचा असेल तर रूटमुळे नेमका कोणता भाग कसा बिघडला, ते तंत्रज्ञाच्या सहीने लेखी द्यावे. दुरुस्तीत टॅबलेट रीसेट करायचा झाल्यास आधी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोला दामोदराचा सप्ताह बसतो. माझ्या वर्गातली मुले यंदा तिथे प्रथमच गाणार आहेत. त्याआधी टॅबलेट हातात यावा, ही कळकळीची विनंती.

बिलाची प्रत, दोन्ही जॉबशीट आणि केबल वर धरून व सोडून काढलेला व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आपला ग्राहक,
डिचोली, गोवा