आधी तोंड कुठे, मग दार

रामबाग, इंदूर
रविवार

प्रिय मीनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता. एअरहोस्टेसच्या ट्रेनिंगमध्ये मॅडमनी ‘एल १’, म्हणजे विमानाचं डावीकडचं पहिलं दार, म्हटलं आणि तू ‘आर १’कडे, उजवीकडच्या दाराकडे, वळलीस. “आई, मला डावं-उजवंसुद्धा कळत नाही,” म्हणालीस. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहायला बसले.

मी नर्स म्हणून नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. ऑपरेशनची तयारी करताना डावा गुडघा साफ करायला सांगितला. मी रोग्यासमोर उभी होते, माझ्या डाव्या हाताकडचा गुडघा घेतला. म्हणजे त्याचा उजवा! सिस्टरांनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून डावं म्हणजे रोग्याचं डावं, माझं नव्हे, हे हाडात भिनलं. तुझ्या विमानाचंही तेच आहे. नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की जे डावं, तेच एल. पण पुढच्या जम्पसीटवर, तुमच्या त्या घडीच्या खुर्चीवर, तू बसतेस शेपटीकडे तोंड करून, म्हणून एल १ तुझ्या उजव्या हाताला येतं. चूक तुझ्या डोक्याची नव्हती, उभं राहण्याच्या दिशेची होती. एक खूण धर: प्रवासी बहुतेक डावीकडून चढतात आणि जेवणाची गाडी उजवीकडे लागते.

तू पाठवलेल्या नोट्स दोनदा वाचल्या. फॉरवर्ड म्हणजे पुढे, आफ्ट म्हणजे मागे, गॅली म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, आइल म्हणजे खुर्च्यांमधली वाट, हे तुला येतंच. ‘आर्म’, म्हणजे दाराची घसरगुंडी तयार ठेवणं, मात्र नीट धर. तुझ्या बोइंग ७३७ विमानाच्या दाराखालचा तो दांडा जमिनीवरच्या कड्यांत अडकवला की दार उघडताच घसरगुंडी आपोआप फुगते. संकटात ती जीव वाचवते, पण विमान गेटवर लागल्यावर डिसआर्म करायचं, म्हणजे दांडा सोडवायचा, राहिलं आणि दार उघडलं तर तीच बाहेर उभ्या माणसावर आदळते. म्हणूनच ‘क्रॉस चेक’ आहे. समोरच्या मैत्रिणीचं दार तू बघायचं, तुझं तिने. यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. आम्हीही इंजेक्शनची बाटली दुसरीला दाखवल्याशिवाय भरत नसू.

झुलु वेळेचं, म्हणजे जगभर विमानवाले वापरतात त्या एकाच वेळेचं, तू विचारलंस. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा कर. सकाळी ६ वाजता मी पोहे भिजवते तेव्हा तुझ्या कागदावर ००:३० असतात. आणि आपल्या इंदूर विमानतळाचं आयडीआर हे नाव तुमच्या अक्षरं सांगायच्या पद्धतीत म्हणजे इंडिया, डेल्टा, रोमिओ. बाबा हल्ली भाजी आणायला निघतानाही तेच म्हणत जातात.

टेकऑफच्या आधी मनातल्या मनात उजळणी करायची असते, असं तुझ्या वहीत लिहिलंय: माझं दार कोणतं, ते कसं उघडतं, बाहेर आग दिसली तर प्रवाशांना कुठे वळवायचं, मदतीला कोणाला घ्यायचं. मला ते पान सगळ्यांत आवडलं. रोज बसल्याबसल्या ते कर, सराव असला तरी.

मी इथे हॉलमध्ये खडूने विमान काढलंय. पुढची खुर्ची देवघराकडे, शेपूट गॅलरीकडे. शनिवारी फोन केलास की मी दार विचारीन. तू आधी तोंड कुठे आहे ते सांगायचं, मग दार.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई