एरंडेलाचा वास

बाळा,

परवा फोनवर तुझा आवाज अगदी एरंडेल प्यायल्यासारखा होता. "फ्लाइंगमधून काढलं, आता ग्राउंड ड्यूटीचं बघतील" एवढं बोललास आणि नेटवर्क जातंय म्हणून फोन ठेवलास. नेटवर्क व्यवस्थित होतं, कळतं मला. मी परत लावला नाही कारण बोलायचं काय तेच सुचेना, म्हणून हे लिहितेय, लांबेल बहुतेक, सावकाश वाच.

आधी एक कबूल करून टाकते. ऐकल्या ऐकल्या मला बरं वाटलं. मिनिट दोन मिनिटं नाही, रात्रभर बरं वाटत होतं. सकाळी मग लाज वाटली, कारण तू इंजिनिअरिंग करून हातातली नोकरी सोडून हवाई दलात गेलास तेव्हा "तुझा निर्णय आहे" असा मोठेपणा मीच दाखवला होता आणि आतून मात्र देव पाण्यात घालून बसले होते. पण तुझं स्वप्न मोडलं आणि आई खुश, हे काही बरोबर नाही. सॉरी.

एरंडेल मी उगाच नाही म्हटलं. सध्या हरदित सिंग मलिक यांच्याबद्दल वाचतेय, पहिल्या महायुद्धातले शीख पायलट. रावळपिंडीत 1894 चा जन्म, चौदाव्या वर्षी इंग्लंडला गेले, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिकले, वर ससेक्सकडून क्रिकेट, गोल्फ, सगळंच. पहिलं महायुद्ध लागलं, कॉलेजातली बरोबरची पोरं भराभर भरती झाली आणि यांना घेईनात, का तर हिंदुस्थानी माणूस. मग 1916 मध्ये फ्रान्सला जाऊन फ्रेंच रेड क्रॉसची अँब्युलन्स चालवली. फ्रेंच विमानदलात घेतील अशी चिन्हं दिसली तेव्हा ऑक्सफर्डमधले त्यांचे शिक्षक भडकले आणि त्यांनी रॉयल फ्लाइंग कोअरच्या, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश विमानदलाच्या, जनरलला पत्र लिहिलं, म्हणजे फ्रेंचांना चालतो आणि आपल्याला चालत नाही हे काय! 1917 मध्ये झाले भरती. पगडी काढणार नाही म्हणाले, तर पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट बनवून घेतलं. मला तर हा भाग फार आवडला.

त्यांचं विमान सॉपविथ कॅमल. तुला माहीत असेल पण मला नवीन होतं, की त्यात नुसता पंखा नाही, पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं, आणि त्याला वंगण म्हणून एरंडेल! पेट्रोलमध्ये ते सहज मिसळत नाही म्हणून. आणि ते तेल फिरून परत वापरात येत नसे, जळून, उडून बाहेरच पडायचं, म्हणजे मागे उघड्यावर बसलेल्या पायलटच्या थेट तोंडावर. चष्म्यावर तेल, नाकात तेल, पोटात तेल. पुढचं काय होत असेल ते एरंडेल प्यायलेल्या कुणालाही सांगायला नको. पॅराशूट नाही ते वेगळंच.

26 ऑक्टोबर 1917 ला खराब हवेत त्यांची जर्मन विमानांशी गाठ पडली. पायात गोळ्या लागल्या, पेट्रोलची टाकी फुटली पण पेटली नाही, कसंबसं आपल्या बाजूला येऊन आदळले. नंतर विमानावर गोळ्यांची भोकं मोजली तर चारशेच्या वर. पायातल्या दोन गोळ्या डॉक्टरांना शेवटपर्यंत काढता आल्या नाहीत.

आणि एवढं सगळं सोसलेल्या माणसाला कॅमल सोडावं लागलं ते कशामुळे? गोळ्यांमुळे नाही, एरंडेलामुळे. त्यांच्या पथकाला इटलीला पाठवलं आणि तिथे त्यांना त्या वाफांचा इतका त्रास व्हायला लागला की शेवटी इंग्लंडला परत पाठवलं. पुढे दुसऱ्या जातीची विमानं चालवली त्यांनी, नाही असं नाही. पण चारशे गोळ्यांना न हटलेला माणूस आणि एरंडेलाने आडवा, हे वाचून मला तुझं ते आठवलं, "आई, लूप मारला की पोट ऐकतच नाही गं, बाकी सगळं जमतं." पोटाला धैर्य वगैरे कळत नाही रे. त्यात तुझी चूक काय?

एक गोष्ट सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं. इंद्रलाल रॉय. तोही त्याच काळातला, ऑक्सफर्डची स्कॉलरशिप मिळालेली ती सोडून भरती झाला. 1917 च्या डिसेंबरमध्ये विमान आपटलं आणि मेडिकली अनफिट ठरवलं त्याला. पडल्या पडल्या विमानांची स्केचेस काढत बसायचा म्हणे. हट्ट करून परत फ्लाइंगला गेला, जुलै 1918 मध्ये दोन आठवडेसुद्धा नाहीत तेवढ्यात शत्रूची दहा विमानं पाडल्याची नोंद नावावर लागली आणि 22 जुलैला गेला. एकोणीस वर्षांचा होता. मुंबईचे वेलिणकर म्हणून एक होते, केंब्रिजचे, तेही पायलटच, ते त्याच्या आधी जूनमध्येच गेले. आता यावरून तू अपील करशील तर कर, फॉर्म भर, पुन्हा मेडिकल दे, मी अडवणार नाही. माझी बाजू कुठली ते तुला माहीतच आहे, ती लपवत नाही एवढंच.

मलिकांचं पुढचं थोडक्यात सांगते. आयसीएस झाले, म्हणजे इंग्रजांच्या काळातले सनदी अधिकारी, व्यापार खात्याच्या कामाने परदेशात राहिले, पतियाळा संस्थानाचे पंतप्रधान झाले, 1947 ला कॅनडात भारताचे पहिले हाय कमिशनर, म्हणजे राजदूतच, आणि मग 1949 मध्ये पॅरिसला राजदूत. म्हणजे ज्या देशात कधीकाळी जखमींची गाडी चालवली तिथेच देशाचा झेंडा लावलेल्या गाडीतून फिरले. गोल्फ सुटला नाही, पायात त्या दोन गोळ्या घेऊनच खेळत राहिले. 1985 मध्ये गेले, नव्वद वर्षांचे होऊन. लढाईतलं उडणं दोन वर्षांचंसुद्धा नाही आणि नंतरचं आयुष्य सदुसष्ट वर्षांचं, मी बोटांवर मोजलं.

पण त्या दोन वर्षांची हुरहुर त्यांना कधी लागलीच नसेल असं मी म्हणणार नाही. तुलाही लागेल. वरून विमान गेलं की मान वर जाईल तुझी, आणि त्या वेळी शेजारी कोणी शहाणपणा शिकवायला लागलं तर खुशाल चिडत जा, माझ्यावरसुद्धा.

बाबा काही बोलत नाहीत. दोनदा विचारलं त्यांनी, "ग्राउंड ड्यूटी म्हणजे नक्की काय काय असतं?" मी म्हटलं त्यालाच विचारा. तर रविवारी फोन कर आणि त्यांना नीट समजावून सांग, रडार, इंजिनिअरिंग, जे काय असेल ते, त्यांना ऐकायचंय पण विचारायचा धीर होत नाहीये.

आणि ते उलटीच्या पिशवीचं बाबांना सांगू नको म्हणाला होतास ना, नाही सांगितलं.

तुझी,
आई