भात बंद करू नका, वाटी लहान करा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

वजन उतरवायला भात एकदम सोडायचा तुमचा बेत रद्द करा. दुपारी पोट अर्धं राहिलं की पाचच्या चहाला चिवड्याचा डबा निघतो, आणि डब्यातून खाताना हाताला माप राहत नाही. शंभर ग्रॅम, म्हणजे लहान वाटीभर शिजलेला भात साधारण १३० कॅलरीचा. मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाणे १७० चे. म्हणून भात घ्याच, पण वाटी सपाट भरून, आणि पातेलं ओट्यावरच ठेवून. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी. पोट भरल्याचं कळायला वीसेक मिनिटं लागतात, त्यामुळे सावकाश जेवलात तर भातापर्यंत येईतो भूक निवलेली असते.

आई, खरी गोम तेलात आहे. चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, आणि बुधलीतून ओतताना ते चार चमचे कधी होतं कळत नाही. दोघांच्या भाजीला दोन चमचे पुरतात. पसरट कढईत एवढंसं तेल पसरतं, मोहरी तडतडत नाही, म्हणून हात पुन्हा बुधलीकडे जातो. फोडणी लहान लोखंडी पळीत कर. भाजीवर ताटली ठेवून तिच्यात पाणी घाल. वाफेवर शिजली की खाली लागत नाही. महिन्याला दोघांत सव्वा लिटरच्या वर तेल जाऊ नये. पिशवी फोडशील त्या दिवशी तिच्यावर तारीख लिही.

वरण-उसळ, दही, अंडं मात्र कमी करू नका. वजनाबरोबर स्नायूही उतरतात आणि या वयात ते सहज भरून येत नाहीत. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ.

गोड खावंसं वाटलं तर जेवणातच घ्या, भाताऐवजी; चार वाजता नुसतं नको. चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सवय करून घेते. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट आणि वर दाण्याचं कूट. त्यापेक्षा वाटीभर वरी आणि दही बरं.

बाबा, हे तुमच्यासाठी. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना जेवण कमी केलं तर रक्तातली साखर खाली जाते. हात थरथरतात, घाम येतो, कडकडून भूक लागते. ती खा-खा समजून दाबू नका. लगेच बोटावर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासायला यंत्र हाताशी नसेल तर साखर आधी घ्या. आणि जेवण कमी करण्याआधीच डॉक्टरांना गोळीचं विचारून घ्या, या सोमवारीच.

तुमची लेक