आबांना, गगनबावडा ते शिरोळ फिरवून आणल्याबद्दल

आदरणीय आबा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या फोनवर व्हॉट्सअॅप नाही, म्हणून हे पत्र जाहीरच लिहितेय. नात वाचून दाखवेल. एसटीतली तुमची जुनी कंडक्टर मंडळी वाचतील तर आणखी बरं.

तिसरीला आपला जिल्हा, म्हणजे कोल्हापूर, शिकवायचा असतो. तालुके बारा, नद्या अमुक, पिकं तमुक. पोरं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. नातीला न्यायला आलात तेव्हा तुम्ही भिंतीकडं बघून म्हणालात, "बाई, नकाशा टांगून काय हुतंय? पोरांस्नी गाडीत बसवा." आणि दुसऱ्या दिवशी खाकी चढवून, जुना पंच घेऊन हजर! बाकांची एसटी झाली आणि पहिलं तिकीट फाटलं ते गगनबावड्याचं.

तिथं पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि शंभरेक किलोमीटरवर शिरोळला जेमतेम पाचशे. हे आकडे मीही सांगितले असते. तुम्ही सांगितलंत ते असं: बावड्याला चढणारा माणूस घोंगडं निथळत चढायचा आणि शिरोळला उतरेपर्यंत ते वाळलेलं असायचं. मग मध्ये ऊस कसा, हा प्रश्न पोरांनीच विचारला. तिथून गाडी राधानगरीला वळली. शाहू महाराजांनी 1908 च्या सुमाराला भोगावतीवर धरण मनावर घेतलं, काम थांबत-थांबत चाललं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात म्हटल्यावर मागच्या बाकावरून "कोण उघडतंय मग?" असं आलं. तुम्ही बादली-दगड मागवून पाण्याच्या दाबानं दार कसं उचलतं ते करून दाखवलंत. व्हरांडा दिवसभर ओला होता, त्याबद्दल शिपाईमामा अजून बोलतात.

पण मला सगळ्यात आवडले ते बंधारे. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं, पावसाआधी काढायचे. एवढी साधी युक्ती, आणि राज्यभर तिला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. नदीकाठच्या मोटारी त्याच अडलेल्या पाण्यावर चालतात, हे माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनाही धड ठाऊक नव्हतं.

पन्हाळा तुम्ही झटक्यात उरकलात. "शिवा काशीद, बाजीप्रभू ह्यांस्नी ठावं हाय," म्हणून. मात्र तो गड तिथंच का, हे थांबून सांगितलंत: कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला. ताराराणींची गादी, मग संस्थान, आणि 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन. पुढचा स्टॉप!

टपावरचा माल ही तर तुमचीच खासियत. चंदगडच्या गाडीवर काजू, आजऱ्याच्या गाडीत घनसाळ तांदळाचा वास, गडहिंग्लजला मिरचीची पोती आणि अर्धी गाडी कन्नड बोलणारी. इचलकरंजीला पाळी सुटली की उभं राहायला जागा नाही. तिथं पहिला यंत्रमाग 1904 साली आला. आणि गूळ. 1891 ला मिरजेकडून रेल्वे आली, 1895 ला शाहूपुरी पेठ वसली, आणि कोल्हापूरचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, गुजरातेत जायला लागला. तुमच्या भाच्याच्या गुऱ्हाळावर पोरांनी काहिलीतला रस उकळताना पाहिला, भेंडीचा चिकट रस घालून मळी वर कशी येते ते पाहिलं. गुळव्यानं पाण्यात थेंब टाकून बोटानं गोळी वळली आणि "उतरा" म्हणाला, तेव्हा एकजण मला म्हणाला, "बाई, त्येला घड्याळ लागत न्हाई." आता कारखाना उसाला पैसे देतो, गुऱ्हाळं कमी होताहेत, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

आबा, खरे आभार मात्र वेगळ्याच गोष्टीचे. मी बीडची. आमच्याकडं कोल्हापूर म्हणजे ऊसतोडीचा मुलूख. दिवाळी झाली की नवरा-बायकोचा कोयता निघतो, गाव रिकामं होतं, म्हातारी माणसं मागं राहतात. आमच्या वाड्यातले किती जण तुमच्या फडात राबले असतील. पुस्तकातल्या साखरेच्या प्रकरणात ही माणसं कुठं नसतात. तुम्ही मात्र फडाशी गाडी थांबवलीत आणि वर्गाला सांगितलंत, "साखर खायाची तर ह्यांचंबी तिकीट फाडायचं." पालावरची दोन पोरं हंगामापुरती माझ्या वर्गात आहेत. त्यांच्याकडं सगळे वळून बघायला लागले आणि त्यातल्या धाकटीनं उठून आपल्या गावाचं नाव सांगितलं. ती तोवर वर्गात बोललीच नव्हती.

महापुराचा भाग मात्र राहिला. 2019 आणि 2021 चं पाणी आमच्या पोरांच्या घरात शिरलं होतं, पण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचे 39 फूट इशाऱ्याचे आणि 43 फूट धोक्याचे म्हणजे काय, नरसोबाच्या वाडीला कृष्णा तुंबली की पंचगंगा मागं कशी फुगते, हे तुमच्याच तोंडून ऐकायचंय. सुट्टी लागायच्या आधी एखादा शनिवार काढा. सकाळची शाळा आहे. पंच घेऊन या, पोरं आधी तेच विचारतील. बादली आमची, व्हरांडाही आमचाच. शिपाईमामांना मी सांभाळते.

आपली,
तिसरीच्या बाई
जिल्हा परिषद शाळा, ता. करवीर