भिंतीपलीकडच्या टाकीत काय आहे? उद्योगमंत्र्यांना डोंबिवलीतून खुले पत्र

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी विभागातून हे पत्र लिहिते आहे. गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमाराला घरात पुन्हा तो वास भरला. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, जिभेवर कडवट चव येते. सासूबाईंना दमा आहे. खिडक्या लावल्या तर त्यांचा जीव घुसमटतो, उघडल्या तर खोकल्याची उबळ थांबत नाही. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून मी नेब्युलायझर सुरू केला आणि तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचे गृहस्थ विचारतात, "मॅडम, वास कुठल्या कंपनीचा आहे?"

साहेब, ते आम्ही सांगायचं?

वासाची तक्रार मी गेली कित्येक वर्षं करते आहे. त्या प्रश्नानंतर मात्र झोप लागली नाही, म्हणून आता उघडपणे लिहिते आहे.

२६ मे २०१६ रोजी सकाळी इथे स्फोट झाला. बारा माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी झाली. आमच्या हॉलच्या काचा फुटल्या, खिडकीची चौकट भिंतीतून निखळून सोफ्यावर पडली. रोज सकाळी पेपर वाचत सासरे त्याच सोफ्यावर बसायचे. त्या दिवशी ते भाजी आणायला गेले होते, म्हणून वाचले. पंचनामा झाला, सह्या झाल्या, भरपाई मिळेल असं सांगितलं गेलं. सासरे त्या कागदाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचे, चौकशीला जाताना बरोबर न्यायचे. प्रत्येक वेळी कुणीतरी दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवायचं. ते गेले, पिशवी अजून कपाटात आहे. एक रुपया आला नाही. चौकशी समितीचा अहवालही लोकांना माहितीच्या अधिकारात मागून घ्यावा लागला.

मग २३ मे २०२४. पुन्हा मे महिना. या वेळी दुपारी जेवणाच्या वेळी सगळी इमारत पुन्हा हादरली. आधी म्हणाले बॉयलर फुटला, मग म्हणाले रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनांवर प्रक्रिया होते ती टाकी. माझ्या दंडात काच घुसली, टाके पडले. ते काहीच नाही. रिअ‍ॅक्टरपाशी जे होते त्यांची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. बोटातल्या अंगठीवरून बायको ओळखणारा नवरा याच शहरात होता. आणि त्यानंतर तीन आठवडे व्हायच्या आत, १२ जूनला, याच एमआयडीसीत पुन्हा आग लागली. शाळेच्या मुलांना वर्गांतून बाहेर काढायची वेळ आली.

आता आश्वासनांचं बघा. २०२२ च्या सुरुवातीला सरकारने सांगितलं की डोंबिवलीतले धोकादायक आणि अतिधोकादायक कारखाने रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला हलवणार. १५६ आकडा होता, मी तेव्हा कात्रण काढून ठेवलं होतं. २०२४ च्या स्फोटानंतर पुन्हा तीच घोषणा, फक्त जागेची नावं बदलली. त्यातले किती हलले? दहा? पाच? माझ्या गच्चीवरून दिसणाऱ्या चिमण्या तरी सगळ्या जागच्या जागी आहेत. २०१५ मध्ये महापालिका निवडणुकीच्या तोंडावर कल्याण-डोंबिवलीला साडेसहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. २०२० मध्ये रसायनाने रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री येऊन पाहून गेले. इथे येऊन पाहून जाण्यात कुणीच कमी पडलेलं नाही.

डोंबिवली म्हटलं की तुम्हा मंडळींना फडके रोडवरची दिवाळी पहाट आठवते, गुढीपाडव्याची शोभायात्रा आठवते, २०१७ चं साहित्य संमेलन आठवतं. सुसंस्कृत शहर म्हणून भाषणात आमचं कौतुक करता. या सुसंस्कृत शहरातली माणसं पहाटे लोकलच्या दाराला लोंबकळून तुमची मुंबई चालवायला जातात आणि रात्री परत येतात ती या वासात. मुंबईला माणसं हवीत, पण ती राहणार कुठे, कारखाने आणि घरं यांच्यात किती अंतर ठेवणार, याचा विचार करायला कुणाला वेळ नव्हता. एमआयडीसी साठच्या दशकातली. घरं नंतर आली, असं आम्हाला ऐकवलं जातं. आली ना! पण या निवासी विभागाचे प्लॉट पाडले कुणी? आराखडे मंजूर कुणी केले? आम्ही काही रात्रीतून झोपड्या बांधल्या नाहीत. कर्ज काढून, सरकारी शिक्क्याचे कागद पाहून घरं घेतली.

आणि विचारायचं कुणाला? रस्त्यासाठी एका दाराशी, सांडपाण्यासाठी दुसऱ्या, हवेसाठी तिसऱ्या, बॉयलरसाठी चौथ्या. महापालिकेत २०२० पासून पाच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. मत देऊन जाब विचारायचा, तर तेवढीही सोय तुम्ही ठेवली नाहीत. पक्ष फुटले, जुळले, मंत्री बदलले, त्या सगळ्यासाठी रात्री-बेरात्री बैठका झाल्या. आमच्यासाठी एक रात्र कुणी जागलं?

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्याने आपल्याकडे काय धोका आहे आणि अपघात झाला तर काय करायचं, ही माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना द्यावी, असं त्या कायद्यात आलं. आमच्या भिंतीपलीकडे निळ्या पिंपांची चळत आहे, त्यामागे एक टाकी. तिच्यावर काही लिहिलेलं मला दिसत नाही. त्यात काय आहे, ते पेटलं तर पाणी मारायचं की मारायचं नाही, वारा कुठला असेल तर कुठल्या बाजूला पळायचं, हे आजवर कुणी येऊन सांगितलेलं नाही. दमेकरी म्हातारीला घेऊन तीन जिने उतरायला मला किती वेळ मिळेल, तेही कुणी सांगत नाही.

कारखाने बंद पाडा असं मी म्हणत नाही. तिथे काम करणारी माणसं आमच्याच गल्लीत भाड्याने राहतात, त्यांच्या चुली त्यावर चालतात. स्फोटात आधी तीच जातात. हलवायचे असतील तर त्यांच्या नोकऱ्यांसकट हलवा. आणि रिकाम्या झालेल्या भूखंडांवर टॉवर उभे राहणार नाहीत, हे आधी लिहून द्या.

तोवर तीन गोष्टी हव्यात. निवासी विभागाला लागून असलेल्या प्रत्येक कारखान्यात कुठलं रसायन किती साठवलं आहे, त्याची मराठीतली यादी चौकात लावा. रात्रीच्या तक्रारीला फोनवर प्रश्न विचारणारा नको, गाडी घेऊन येणारा माणूस द्या. आणि स्थलांतराची तारीख कळवा. घोषणेची नको, पहिला कारखाना प्रत्यक्ष हलण्याची.

२०१६ च्या पंचनाम्याची प्रत सोबत जोडली आहे. मूळ कागद मी कुणाच्याही हातात देणार नाही.

आपली,
डोंबिवली पूर्व, निवासी विभागातील एक रहिवासी