मैदानाकडेला फिजिओ हवाच

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या सामन्यांना ठाण्यात प्रथमोपचार पेटी असते, पण ती उघडून नेमकं काय करायचं हे जाणणारं माणूस बहुतेकदा नसतं. घोटा मुरगळला की कुणीतरी मलम चोळू लागतं. ताज्या दुखापतीवर चोळल्याने सूज वाढते! बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, मग बोटांकडून पोटरीकडे क्रेप बँडेज आणि पाय उंचावर. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या, तर पट्टी लगेच सैल करावी. घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवाच. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला, तर त्या दिवशी तो पुन्हा मैदानात नाही, मग सामना अंतिम का असेना. हा निर्णय प्रशिक्षकावर सोडू नये. त्याचं लक्ष गुणफलकावर असतं.

बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीनंतर क्रीडा फिजिओथेरपीत दोन वर्षांची एमपीटी ही पदव्युत्तर पदवी केलेल्यांना महाविद्यालयं बोलावतात ती स्पर्धेपुरती, दिवसाच्या मानधनावर. खरं काम तर सरावात असतं: टेपिंग (सांध्याला आधार देणारी चिकटपट्टी लावणं), घोट्या-गुडघ्यांची ताकद, दुखापतीनंतर टप्प्याटप्प्याने पुनरागमन. दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून निदान एक पूर्णवेळ पद भरावं.

– एक क्रीडा फिजिओथेरपिस्ट, ठाणे