गायमानची चहाघरं दिसली, पाट राहून गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अर्जेंटिनातल्या गायमान गावावरचा लेख वाचला. वेल्श (म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या लोकांची) चहाघरं, काळा केक, १९९५ साली तिथे चहा घेऊन गेलेली राजकन्या डायाना, सगळं खुसखुशीत आहे. पण चुबुत नदीकाठचं हे गाव ज्याच्या जिवावर उभं राहिलं, त्या पाटपाण्याची जेमतेम एका ओळीत बोळवण केली आहे. उभी नोकरी कालव्यावर काढलेल्या माणसाला ते खटकणारच.

१८६५च्या जुलैत ‘मिमोसा’ जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर उतरली. इंग्रजांच्या दडपणापासून दूर जाऊन आपली भाषा आणि आपला धर्म जपायचा, हा हेतू. शेतीत मुरलेले त्यांच्यात थोडेच होते. त्यात चुबुतच्या खालच्या खोऱ्यात वर्षाला पाऊस दोनशे मिलिमीटरच्या घरात. माण-खटावचा शेतकरीसुद्धा कपाळाला हात लावेल. पेरलेलं वाळून जायचं. वसाहत मोडायची वेळ आली होती.

१८६७ साली रेचेल जेंकिन्स या बाईच्या ध्यानात आलं की नदी भरली की तिचं पाणी शेताच्या वर असतं. मग काठ फोडून ते रानात का घेऊ नये? तिच्या सांगण्यावरून नवऱ्याने, आरनने, चर खणला आणि गहू आला. ना सर्व्हे, ना मंजुरी! चरांचे पुढे कालवे झाले, १८७४पासून गायमान वसत गेलं, आणि १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात याच खोऱ्यातल्या गव्हाला पदक मिळालं. गव्हाच्या व्यापारासाठी १८८५ मध्ये शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी कंपनीही काढली होती. सहकाराच्या आपल्या मुलखात याला निदान एक परिच्छेद हवा होता.

आणखी एक. लेखात या भागाला ‘निर्जन’ म्हटलं आहे. तिथे तेहुएल्चे लोक आधीपासून होते. पाव देऊन त्यांच्याकडून मांस, कातडी, पिसं घ्यायची, असा व्यवहार चालायचा. रानात शिकार कशी करायची तेही वेल्श लोक त्यांच्याकडूनच शिकले. पुढे अर्जेंटिनाच्या फौजेने त्या लोकांची वाताहत केली.

नदीनेही कायम साथ दिली असं नाही. १८९९च्या महापुरात खोरं धुऊन निघालं, १९०२ मध्ये काही कुटुंबं कंटाळून कॅनडाला गेली. १९६३च्या आमेगिनो धरणाने पूर आवरला. मात्र पाणी मुरून जमिनी क्षारपड होण्याचं दुखणं तिथेही आहेच. आपण या विषयावर पुन्हा लेख घेणार असाल, तर त्यावर घ्यावा. तिथले शेतकरी साचलेलं पाणी कसं काढून देतात, हे शिरोळ-वाळव्यात आवडीने वाचलं जाईल.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक
ता. वाळवा, जि. सांगली